वासुदेवभाऊ, तुमची गुलछडी

वासुदेवभाऊ, तुमच्या तेरवीला चार माणसं बोलली आणि चारही खोटं बोलली. सरपंच म्हणाले, फुलासारखा माणूस गेला. फुलासारखे, आणि तुम्ही? अकरा वर्षं रोज सकाळी मी तुमचं तोंड पाहिलं आहे. कुऱ्हाडीचा दांडाही तुमच्यापेक्षा जास्त लवत असेल. दुसरे एक जण म्हणाले, भाऊंनी कधी कोणाला उलटून उत्तर दिलं नाही. हे मात्र खरं आहे, पण यात कौतुक करण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही. उलटून बोलणाऱ्याशी निदान भांडून मोकळं होता येतं. तुम्ही "बरं" म्हणायचात आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला जे करायचं तेच करायचात.

मी मागे बायकांमध्ये बसले होते. कोणीतरी म्हणालं, "हमीदाबाई, तुमी बी बोला ना दोन शब्द. भाऊचे फुलं सारे तुमच्याच दुकानात जात होते." मी म्हणाले, मला मराठी बोलायला जमत नाही. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले आणि जन्मभर मूल गावच्या बाजारात मराठीतच भांडले, तरी असं म्हणाले, आणि मंडपातल्या लोकांनी ते खरंही मानलं. मला जे बोलायचं होतं ते पंगत बसायच्या आधी बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून आता लिहिते आहे. तुम्ही वाचणार नाही, ठीक आहे. जिवंत होता तेव्हा तरी माझं कुठे ऐकत होता? आणि शेवटी ऐकलंत, तेही कसं ऐकलंत.

गुलछडी तुमच्या डोक्यात घातली ती माझ्या नवऱ्याने, त्यामुळे निम्मा दोष आमच्या घराचा. तेव्हा दुकानावर ते बसायचे. झेंडू-शेवंती जवळच्या गावांतून यायची, पण गुलछडी नागपूरहून बसच्या टपावर यायची आणि मूलला पोचेपर्यंत अर्धी पिवळी पडायची. पुण्यामुंबईचे लोक जिला निशिगंध म्हणतात तीच ही. तिच्याशिवाय फूलवाल्याचा एक दिवस निघत नाही. वरमाला तिची, सेहरा तिचा, दर्ग्यावरची चादर तिची, सत्यनारायणाच्या फोटोला ती आणि मयताच्या गळ्यातही तीच. तुम्ही आठवडी बाजाराला वांगी-मिरच्या घेऊन आमच्या शेजारी बसत होता. एकदा हे तुम्हाला म्हणाले, "भाऊ, धानाले देऊन बी पाणी उरते तुमच्या बोडीत. गुलछडी काऊन नाई लावत?" पुढच्या आठवड्यात यांनी नागपूरहून कांद्यांचं एक पोतं मागवलं आणि स्वतःच्या हाताने तुमच्या सायकलला बांधून दिलं.

त्या कांद्यांचं तुम्ही जे केलंत ते आपल्या झाडीपट्टीबाहेर सांगितलं तर कोणाला पटणार नाही. तुम्ही ते धानाच्या बांधीत लावलेत. चारी बाजूंचे धुरे नीट लिंपून, बोडीच्या तळ्यातलं पाणी सोडून, बांधी काठोकाठ भरून. धान पिकवणाऱ्या माणसाला वावरातल्या पाण्यात आभाळ दिसलं नाही तर जेवण जात नाही. कांद्याच्या जातीचं झाड ते, पायाशी पाणी साचलं की सडणारच. पंधरा दिवसांनी तुम्ही प्लास्टिकच्या पिशवीत ते कुजके कांदे घेऊन दुकानात आलात. वास असा सुटला की शेवंती घ्यायला आलेली बाई नाकाला पदर लावून निघून गेली. आमचे हे सज्जन, पिशवीचं तोंड बांधायला लागले. मी मागे बसून हार गुंफत होते. मी म्हणाले, "भाऊ, हे फूल आहे, बेडूक नाई."

आपलं पहिलं बोलणं ते. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "बरं."

मग तुम्ही काय केलंत, तर बसने सिंदेवाहीला गेलात, तिथल्या संशोधन केंद्रात. धानाच्या संशोधन केंद्रात! तिथल्या साहेबांनी तुम्हाला बसवून चहा पाजला आणि सांगितलं, आम्ही इथे धानाचं पाहतो, पण कांद्याला पाणी साचू देऊ नका एवढं मलाही कळतं. हे तुम्ही दुकानात येऊन मोठ्या नवलाने सांगितलंत. तेच मी बेडकाचं नाव घेऊन सांगितलं होतं, पण तुम्हाला साहेबाच्या तोंडून हवं होतं.

दुसऱ्या खेपेला तुम्ही बोडीच्या पाळीलगतच्या उंच तुकड्यात लावलीत. मुरमाड माती, त्यात शेणखत, हातभर रुंद गादीवाफे. पावसाळा सरता सरता पहिल्या दांड्या आल्या आणि तुम्ही एक दांडी नुसती दाखवायला घेऊन आलात. हिरवी, सरळ, खालची दोन फुलं उमललेली, वर कळ्या मिटून बसलेल्या. यांनी ती हुंगली आणि माझ्याकडे दिली. मी काय म्हणाले ते तुम्हाला आठवत असेल. मी म्हणाले, "एका दांडीनं हार होत नाई." तो वास आजही माझ्या नाकात आहे, पण तसं म्हणायला तेव्हा माझी जीभ वळली नाही.

तुमच्या चुका मोजायला बसले तर वही पुरायची नाही. हाराची गुलछडी उन्हं चढायच्या आत तोडायची असते. आज उमलेल अशी टपोरी कळी तोडायची. उद्याची तोडली तर ती गिऱ्हाइकाच्या घरी मिटलेलीच राहते, कालची आणली तर दुपारी तांबूस पडते. हे मी तुम्हाला किती वेळा सांगितलं? आणि तुम्ही रोज निम्मी टोपली उमललेली फुलं आणायचात. काऊन, म्हणून विचारलं तर म्हणायचात, "बाई, मिटलेलं फूल तोडवत नाई. त्याले एकदा डोळे उघडू द्याव." फूलशेती करायची आणि फूल तोडवत नाही म्हणायचं. अशाने खाटकाने बकरी पाळून ठेवावी.

त्या उमललेल्या फुलांचं मी काय करायचे, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. दर्ग्याच्या चादरीला उमललेली चालतात, उलट तीच शोभतात. चादर विणताना फूल पसरलेलं लागतं. तुमची वाया जाणारी निम्मी टोपली मी अकरा वर्षं चादरींत खपवली. तुम्हाला हे सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही सगळीच उमललेली आणली असती.

हे गेले त्या वर्षाबद्दल मी कधी बोलले नाही. आमच्यात नवरा गेल्यावर बाईने चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नसतं. दुकानावर माझे देवर बसायला लागले. त्यांना फुलातलं काही कळत नव्हतं. हार गुंफता येत नव्हता. गिऱ्हाईक तुटू लागलं. मी ठरवून टाकलं होतं की दुकान देऊन टाकायचं. एक दिवस सकाळी दारात टोपली ठेवल्याचा आवाज आला. तुम्ही अंगणात पाठमोरे उभे राहून, खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसत म्हणालात, "बाई, झाडाले काय माहीत कोण गेलं ते. ते फुलून राह्यले. मी आणून राह्यलो. तुमी आतमंधी गुंफा, देवर विकतीन." आणि निघून गेलात.

चार महिने दहा दिवस तुम्ही रोज आलात आणि एकदाही दाराकडे तोंड केलं नाहीत. मी सुरुवातीला रडत गुंफायचे, मग नुसती गुंफायचे, मग तुमच्या फुलांतली खोट काढत गुंफायचे. एक दिवस दाराआडून ओरडले, "भाऊ, आज कालचे फुलं आणले!" तुम्ही पाठमोरेच म्हणालात, "आता बरं वाटलं. म्या मुद्दाम आणले." इद्दत संपली त्या सकाळी मी दुकानात जाऊन बसले. तुमच्यामुळे बसले. या उपकाराबद्दल मला तुमचा किती राग येतो ते सांगता येत नाही. उपकार करणाऱ्याने जरा मिरवावं, म्हणजे दुसऱ्याला आभार मानायला वाव राहतो. तुम्ही तेवढीही सोय ठेवली नाहीत.

आता त्या आठ वर्षांच्या भांडणाचं. मी फुलं गुंडाळायला रद्दीचे पेपर घेते. त्यात एकदा शेतीचं पान निघालं, गुलछडीवरचं. त्यात लिहिलं होतं, एका जागी तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवली की कांद्यांची गर्दी होते आणि फुलं बारीक येतात, म्हणून कांदे काढून, वेगळे करून नव्या जागी लावावेत. पुढचा मजकूर फाटला होता, अर्धं पान मीच सकाळी एका हाराला गुंडाळून दिलं होतं. उरलेलं मी टाचणीने फळीला लावलं. त्या दिवसापासून मी गुलछडीची जाणकार झाले. "भाऊ, कांदे काढा." दर उन्हाळ्यात हेच. आणि तुमचं दर उन्हाळ्याचं उत्तर, "जे देऊन राह्यलं त्याले काऊन उकराचं?"

फुलं बारीक होत गेली, हे तर खरं ना? आधी बोटभर होती, मग दीड पेराची, मग पेराएवढी. हारात दुप्पट फुलं लागायला लागली. हे मी तुमच्यासमोर फूल बोटाला लावून दाखवायचे. तुम्ही बोटाकडे बघायचात, फुलाकडे बघायचात. "बरं."

आणि मग या वर्षी लग्नसराईच्या तोंडावरची ती सकाळ. दुकानात वरमालेची मंडळी बसली होती, नवऱ्या मुलाची मावशी अन् काका. तुम्ही टोपली उतरवली. मावशीने वरचा दुपट्टा उचलून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणाले, "भाऊ, तुमच्यापेक्षा प्लास्टिकवाला बरा. त्याचे फुलं निदान लहान तं नाई होत."

हे साधं बोलणं नव्हतं, तुम्हालाही माहीत होतं. प्लास्टिकच्या हारांनी आपल्या दोघांचंही निम्मं गिऱ्हाईक नेलं. दाराला प्लास्टिक, गाडीला प्लास्टिक, देव्हाऱ्यात प्लास्टिक, वर्षातून एकदा साबणाने धुतलं की देव खूश. अकरा वर्षांत आपण दोघं एकाच गोष्टीवर एकमताने बोललो असू तर ती प्लास्टिकला शिव्या घालताना. आणि मी तुम्हाला त्याच्याखाली बसवलं, चार लोकांत. त्या दिवशी तुम्ही "बरं"सुद्धा म्हणाला नाहीत. दुपट्टा झटकलात, खांद्यावर टाकलात आणि गेलात.

दुसऱ्या दिवशी फुलं आली नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मी मनात म्हणाले, रुसला म्हातारा, रुसू दे, वठणीवर येईल. नागपूरहून माल मागवला. लांबसडक, टपोरी, एकसारखी फुलं, आणि वासाला विचारू नका, ओल्या पुठ्ठ्यासारखी. मी त्या फुलांचे हार गुंफले आणि रस्त्याकडे बघायचं नाही असं ठरवून रस्त्याकडे बघत राहिले. पाचव्या दिवशी तुमच्या गावचा दूधवाला सांगून गेला की तुम्ही पहाटे झोपेतच गेलात.

मी पोचले तेव्हा तुम्हाला बाहेर घेतलं होतं. तुमच्या गळ्यात प्लास्टिकचा हार होता. तुमच्या मुलाने चंद्रपूरहून येताना घाईत आणलेला, सोनेरी चमकीचा. त्या पोराचा काय दोष, त्याला वाटेत तेच दिसलं. मी माझा हार त्यावर घातला. तो नागपुरी होता. तुमच्या वाफ्यातलं एक फूलही तुमच्या अंगावर नव्हतं, आणि मला काय झालं कोण जाणे, मला तुमचाच राग आला. निदान आज तरी चार फुलं तोडून ठेवायची होती.

तिसऱ्या दिवशी तुमच्या बायकोला, शांताबाईंना, भेटायला आले तेव्हा कळलं की फुलं का नव्हती. तुम्ही चार दिवस कांदे काढत होता.

"त्या दिवशी बाजारातून आले अन् जेवले बी नाई," शांताबाई सांगत होत्या. "फावडा घेतला अन् वाफ्यात. म्या म्हटलं, उन्हं पाहा किती होऊन राह्यली. तं म्हणे, त्या बाईचं म्हणणं एकदा करूनच टाकतो, आठ वर्साची कटकट मिटते. मले हात लावू देल्ला नाई. म्हणे, कोंब तुटीन तुह्या हातानं. तिसऱ्या दिवशी म्हणे, छातीत भरून आल्यासारखं वाटते. म्या म्हटलं, चला दवाखान्यात. तं म्हणे, उद्या एकच वाफा राह्यला, तो निघू दे."

तो निघाला. शेवटची टोपली तुम्ही संध्याकाळी ओसरीत आणून ठेवलीत आणि सकाळी उठला नाहीत.

भाऊ, आठ वर्षं ऐकलं नाहीत ना? मग नवव्या वर्षीही नव्हतं ऐकायचं. कोणी सांगितलं होतं शेवटच्या आठवड्यात शहाणं व्हायला? आणि छातीत भरून आलं तर माणूस फावडा टाकतो, एवढी अक्कल शेळीलाही असते. मी जीभ सैल सोडली म्हणून तुम्ही उन्हात उभे राहिलात, हे मला माहीत आहे. शांताबाई म्हणतात, तुमचा काही दोष नाई बाई, त्यायचा भरला होता घडा. शांताबाईंचं मन मोठं आहे. माझं नाही. मला रोज सकाळी टोपलीच्या वेळेला वाटतं, मी तुम्हाला मारलं.

हे मला त्या दिवशी, तिथे, तुमच्या ओसरीत वाटत होतं. आणि तरी माझी जीभ बघा. ओसरीत तुम्ही कांदे निवडून मांडलेले होते. एका जुन्या धोतरावर सुपारीएवढे, ओळीने. बाजूला टोपलीत मोठे, काळपट, मुठीत मावणार नाहीत असे, ते उकिरड्यावर टाकायला काढून ठेवलेले. मी डोळे पुसले, ते पाहिलं आणि म्हणाले, "घ्या! इथी बी उलटंच केलं. मोठे फेकून देल्ले अन् लहान राखले." आणि पदर खोचून मी स्वतःच्या हाताने मोठे कांदे धोतरावर मांडले, लहान टोपलीत भरले आणि शांताबाईंना बजावून सांगितलं, हे टाकून द्या, ते महिनाभर सावलीत ठेवा, मग लावा. शांताबाई मान डोलावत होत्या. ऑटोत बसताना माझ्या मनात आलं, चला, भाऊंची शेवटची चूक तरी मी वेळेत सुधारली.

तेरवीला तुमचा मुलगा पाहुण्यांना सांगत होता की आई ऐकत नाही, म्हणते वाफे मी सांभाळते. "एक साल पाहतो," तो म्हणाला. "फुलं आले तं ठीक. नाई तं ट्रॅक्टर लावून सपाट करतो, धान टाकतो." तो चुकीचं बोलत नव्हता. त्याला नोकरी आहे, तिकडे संसार आहे. म्हणजे शांताबाईंच्या हातात एकच वर्ष होतं, आणि मला वाटलं, येतील फुलं. मोठे मोठे कांदे आहेत, मीच निवडून दिलेत.

तेरवीनंतर चार दिवसांनी कृषी खात्यातली एक मुलगी ऑफिसच्या पूजेचा हार घ्यायला आली. हार बांधता बांधता मी सहज विचारलं, गुलछडीचे काढलेले कांदे किती दिवस ठेवायचे. तिने सगळं नीट सांगितलं, आणि जाता जाता म्हणाली, "फक्त ते मोठे काळे कांदे टाकून द्या हं काकू. एकदा फूल देऊन झालं की तो कांदा पुन्हा फूल देत नाही. त्याच्या अंगाला जे नवे आलेले असतात, सुपारीएवढे, तेच लावायचे."

माझ्या हातातला दोरा तसाच राहिला. हे मी आधी ऐकलं होतं. तुमच्याच तोंडून, दोन-तीन वर्षांपूर्वी, माझ्या दुकानाच्या पायरीवर. तुम्ही म्हणाला होता, "बाई, फूल देल्लेला कांदा दुसऱ्यांदा नाई देत. त्याचे पिल्लं देते. म्हणून म्या त्याले हात नाई लावत. पिल्लं मायच्या अंगालेच असते, कोणतं तुटीन, कोणतं वाचीन." आणि मी म्हणाले होते, "कीर्तन नका सांगू भाऊ, फुलं आणा."

फाटलेल्या अर्ध्या पानावर हेच लिहिलेलं असणार. तुम्हाला ते पान लागलं नाही. तुम्ही वाफ्यात बसून अकरा वर्षं पाहिलं होतं. आणि मी, जिने आजवर गुलछडीचा एक कांदा मातीत लावलेला नाही, कुदळ हातात धरलेली नाही, ती मी तुम्हाला शेती शिकवत होते. फळीवरचं ते पान मी काढलं. मग शटर ओढलं, भरदुपारी, गिऱ्हाईक उभं असताना, आणि ऑटो केला.

वाटभर मला एकच दिसत होतं, उकिरडा. चौदा-पंधरा दिवस झालेले. ऊन, कोंबड्या, डुकरं. तुमच्या अकरा वर्षांच्या मेहनतीतून जे पुढे चालायचं ते त्या टोपलीत होतं, आणि ते टाकून द्या असं सांगणारी मी. शांताबाई वर्षभर पाणी घालतील, वाफे हिरवे दिसतील, पातच पात येईल, एक दांडी येणार नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात ट्रॅक्टर. आणि शांताबाई म्हणतील, माझाच हात वाईट.

शांताबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होत्या. मी बसायच्या आधीच विचारलं, "ते लहान कांदे कुठी आहे?"

"कोणते जी?"

"मी टोपल्यात भरले होते ते. उकिरड्यावर टाका म्हटलं होतं."

त्या उठल्या, हात झटकले आणि मला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. तिथे तुमचं धोतर अंथरलेलं होतं आणि त्यावर सुपारीएवढे कांदे, ओळीने, तुम्ही मांडले होते तसे. मी खालीच बसले.

"तुमी ऑटोत बसल्या अन् म्या परत उलटं केलं," त्या म्हणाल्या. "मोठे फेकून देल्ले."

"तुमाले माहीत होतं? लहानच लावाचे असते म्हणून?"

"मले काय माहीत? म्या तं धानवाली." त्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या, आवाजात ना राग ना काही. "मले यवढंच वाटलं, अकरा वर्सं त्यायनं तुमचं आयकून घेतलं. मेल्यावर तरी त्यायचं चालू द्याव."

मी एक कांदा उचलला, परत ठेवला. तुमच्या हाताच्या ओळीत तो वाकडा दिसायला लागला, म्हणून पुन्हा सरळ केला. मग म्हणाले, "भाऊ बरोबर होते."

"काय म्हणल्या?"

"भाऊ बरोबर होते म्हटलं."

"मले काऊन सांगता? अन् यवढ्या हळू?" शांताबाईंनी मागचं दार उघडलं. समोर तुमचे उकरलेले वाफे, रिकामे, उन्हात पांढरे पडलेले, आणि त्यापलीकडे बोडीची पाळ. "शिव्या द्याच्या तवा तं साऱ्या बाजाराले आयकू येत होत्या. आता बी तशाच जोरानं बोला."

मी दारात उभी राहिले आणि अंगात होता तेवढा जोर लावून ओरडले की वासुदेवभाऊ, तुमी बरोबर होते. दोनदा ओरडले. शेजारच्या घरातून बाया आल्या, पाळीवरून गुराखी धावत आला, कोणीतरी विचारत होतं काय झालं, कोणाले साप चावला का. ज्या एका माणसाने ते ऐकायचं होतं तो सोडून सगळं गाव बाहेर आलं होतं.